घासाघीस

निवृत्त पुरुषाच्या हाती काहीतरी द्यावे लागते, नाहीतर तो स्वयंपाकघरात येतो. हे मत माझे नाही, सौ.चे आहे. २०२१ साली मी निवृत्त झालो. पहिल्या पंधरवड्यात मी घरातल्या सगळ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, फोडणीत हिंग मोहरीच्या आधी की नंतर या विषयावर दोनदा मतप्रदर्शन केले आणि गॅसचा सिलिंडर सरासरी किती दिवस पुरतो याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. सोळाव्या दिवशी सौ. अत्यंत शांतपणे म्हणाली, "अहो, त्या बाबांच्या टेबलाचं काहीतरी करा ना."

तिच्या शांतपणाचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे. मी मुकाट्याने तक्ता काढला आणि टेबलाकडे वळलो.

हे टेबल म्हणजे आमच्या घरातले एक जुने प्रकरण आहे. साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, अस्सल सागवानी. दोन खण. डावा पावसाळ्यात उघडत नाही, उजवा बाराही महिने उघडत नाही. पण टेबलाची खरी ओळख म्हणजे त्याचा रंग. निळा. निळा म्हणजे आकाशाचा नव्हे, समुद्राचा नव्हे, मोरपिसाचा तर नव्हेच. जुन्या सरकारी दवाखान्यात भिंतीला खालून चार फूट जो मारलेला असायचा, तो निळा. सागवानाला असला ऑइलपेंट फासणे म्हणजे पैठणीला बाहेरून अस्तर लावण्यासारखे आहे. आणि हे कृत्य कुणा अडाणी रंगाऱ्याचे नव्हे. आमच्या बाबांनी ते स्वतःच्या हाताने केले होते.

बाबा तसे काटेकोर गृहस्थ. पेन्सिलीला टोक करायचे झाले तरी खाली कागद पसरायचे. धोतराच्या निऱ्या फूटपट्टीने मोजल्यासारख्या. असा माणूस सागवानावर निळा रंग का देतो, हे कोडे घरात कुणालाच सुटले नव्हते. "बाबांना रंगातलं कळत नाही" असा एक ठराव आम्ही भावंडांनी लहानपणीच एकमताने पास करून टाकला होता. माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी सासरची मंडळी आली तेव्हा माझ्या मेहुण्याने ते टेबल बघून "दवाखाना कुणाचा?" असे विचारले होते. बाबांना कुणी रंगाबद्दल छेडले की त्यांचे एकच उत्तर असायचे, "मळखाऊ आहे." विषय संपला. २००४ साली बाबा गेले. टेबल राहिले.

टेबल पुराच्या आधीचे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, पुण्यातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात शके आणि इसवी सन यांच्या जोडीला पूर ही तिसरी कालगणना असते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आम्ही तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर राहत होतो. मी पाच महिन्यांचा होतो, त्यामुळे माझी साक्ष निरुपयोगी आहे. आमच्या बिऱ्हाडातले जे थोडेफार सामान परत मिळाले त्यात हे टेबल होते, एवढेच ऐकून माहीत. बाकीचे बाबांनी कधी सांगितले नाही आणि आईने विचारू दिले नाही.

तर मी ठरवले की रंग काढायचा, आतले सागवान मोकळे करायचे आणि त्याला चांगले चपड्याचे पॉलिश द्यायचे. पॉलिश पेपरचा एक ताव आणून मी शुभारंभ केला. दुपारी चार ते सहा घासले. सहा वाजता टेबलावर रुपयाएवढे सागवान दिसू लागले आणि माझा उजवा खांदा दिसेनासा झाला, म्हणजे असून नसल्यासारखा. या वेगाने टेबल माझ्या पंचाहत्तरीला पूर्ण झाले असते. तेव्हा यंत्र आणणे भाग होते.

घासायचे यंत्र, म्हणजे सँडर, घ्यायचे आहे असे मी सोसायटीच्या बाकावर सहज बोललो आणि ती माझी चूक झाली. मुलीसाठी स्थळ बघतोय म्हटल्यावर जेवढे सल्ले आले नव्हते तेवढे आले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "बेल्ट सँडरच घ्या. दुसरं काही घेऊच नका." दोन रुळांवर कागदाचा पट्टा रणगाड्यासारखा फिरतो म्हणे. "किती वेळ लागेल?" मी विचारले. "दहा मिनिटांत टेबल साफ!" ते म्हणाले. साफ म्हणजे स्वच्छ की नाहीसे, हे विचारायचे मी टाळले. आमच्या मावसभावाचे म्हणणे असे की, हे सगळे चोचले आहेत. सुतार लोक ग्राइंडरला घासायची चकती लावतात आणि भराभर काम उरकतात. त्याने स्वतःच्या घरच्या दिवाणावर हा प्रयोग केला होता. तो दिवाण मी पाहिला आहे. त्यावर पाणी सांडले तर ठिकठिकाणी डबकी साचतील. बंगळूरचे आमचे जावई फोनवर म्हणाले, "बाबा, रँडम ऑर्बिटल घ्या. व्हेरिएबल स्पीडचं." जावयाचे ऐकावे लागते. पण त्याचा अर्थ काय, हे जावयाला विचारणे सासऱ्याला शोभत नाही. म्हणून मी रिक्षा केली आणि कोथरूडहून थेट बोहरी आळी गाठली.

बोहरी आळीत माणसाला स्वतःच्या अज्ञानाचे यथार्थ दर्शन घडते. खिळा मागितला तरी "कसला?" असे विचारून तुमचे शिक्षण काढतात. मी दुकानात शिरलो आणि शक्य तितक्या सराईतपणे म्हणालो, "सँडर दाखवा."

काउंटरमागच्या म्हाताऱ्या मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "काका, घ्यायचं काय ते मागाहून बघू. घालवायचं काय आहे?"

"अं?"

"लाकडावरचं घालवायचं काय आहे? रंग आहे, जुनं पॉलिश आहे, फळीचा उंचसखलपणा आहे, का नुसते ओरखडे आहेत? तुम्हाला किती घालवायचंय त्यावर यंत्र ठरतं."

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात इतका मुद्द्याचा प्रश्न मला ऑफिसातही कुणी विचारला नव्हता. मी टेबलाची हकीकत सांगितली. मग त्यांनी एकेक यंत्र काउंटरवर मांडले आणि लग्न जमवणाऱ्या अनुभवी मध्यस्थाप्रमाणे प्रत्येकाचे गुणदोष सांगितले. बेल्ट सँडर: जोर दांडगा, जाड फळ्या सपाट करायला उत्तम, पण नवशिक्याच्या हातून एका जागी क्षणभर जास्त थांबला की खड्डा. "प्लायवूडवर तर नावच काढू नका. वरचं व्हेनिअर कागदाएवढं. एक फेरी मारली की आतलं हलकं लाकूड वर." चौकोनी ऑर्बिटल: पाव ताव कागद कापून चापाखाली लावायचा, बूड नुसते बारीक बारीक थरथरते, कोपऱ्यात नीट जातो, कागद स्वस्त पडतो, पण काम सावकाश. इस्त्रीसारखा टोकदार असतो तो बारीकसारीक सांदीसाठी. आणि जावयांचे रँडम ऑर्बिटल: गोल, पाच इंची तबकडी, ती स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता डुलतेही. त्यामुळे कागदाचा कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि लाकडावर गोल गोल चरे उमटत नाहीत. कागद चपलेच्या पट्ट्यासारखा नुसता दाबून चिकटवायचा. कागदाला आणि तबकडीला भोके असतात. ती एकमेकांसमोर आणायची, म्हणजे भुसा त्यांतून मागच्या पिशवीत जातो.

"टेबलासाठी हेच," मालक म्हणाले. जावई बरोबर होते. ही गोष्ट मी त्यांना अद्याप सांगितलेली नाही.

मग किमतीवरून थोडी घासाघीस झाली. यंत्र घासायचे असले तरी दुकानदार घासू देत नाही. शेवटी साडेतीन हजारांना सौदा पटला आणि मग कागदांच्या नंबरांचा घोळ सुरू झाला. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी. मला वाटले, मोठा नंबर म्हणजे जास्त दांडगा कागद. तर नेमके उलटे. चाळीस नंबर चांगलाच दांडगा आणि जसजसा आकडा चढेल तसतसा स्वभाव मवाळ. घरी आल्यावर हे आश्चर्य मी आईला सांगितले. आई ब्याऐंशीची. ती म्हणाली, "त्यात काय? चाळणीसारखंच आहे. इंचाला भोकं कमी तर जाडा रवा पडणार, भोकं जास्त तर मैदा." आणि खरोखरच ते नंबर मुळात चाळणीच्या भोकांवरूनच आले आहेत. साडेतीन हजार रुपये आणि रिक्षाभाडे खर्चून मी जे शिकलो ते आईला पोळ्या लाटता लाटता ठाऊक होते.

यंत्र आले. मी नारळ फोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुलगी रसायनशास्त्रातली. "बाबा, तो रंग कधीचा आहे?"

"एकसष्ट सालचा असेल. पुरानंतरचा."

"मग त्याला मशीन लावायचं नाही. कोरडा घासायचा नाही म्हणजे नाही."

तिने सांगितले ते असे: पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत नव्वद भागांच्या वर नको, हा नियम लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. यंत्राने घासला की त्याची पूड घरभर होणार आणि ती आजीच्या नाही तर रांगत्या नातवाच्या पोटात जाणार. "आधी रिमूव्हर लावून रंग मऊ करायचा, ओला असतानाच खरवडायचा, कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचा. हातमोजे घालायचे. खिडक्या उघड्या. रंग पूर्ण निघाला, ओल्या फडक्यानं पुसून झालं, की मग मशीन."

"म्हणजे रंग काढायला आणलेलं यंत्र रंग हातानं काढून झाल्यावर वापरायचं?"

"हो," मुलगी म्हणाली. तीही हल्ली तिच्या आईसारखी शांतपणे बोलते.

आठ दिवस यंत्र खोक्यात बसून राहिले आणि मी गॅलरीत लांबी भरायच्या पट्टीने खरवडत राहिलो. हातात मोजे, तोंडावर २०२० साली साठवून ठेवलेला मास्क. दूधवाल्याने सौ.ला हळूच विचारले, "साहेबांना पुन्हा झाला का?"

नवव्या दिवशी रंग निघाला. पण लाकडाच्या रेषारेषांत निळसर काळपटपणा तसाच राहिला होता. आता मात्र यंत्राची पाळी होती. खाली एका फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम चालू होते. तिथले म्हातारे मिस्त्री खोक्यावरचे चित्र बघून कुतूहलाने वर आले. त्यांनी यंत्र हातात घेऊन जोखले, फळीवरून बोटे फिरवली आणि विचारले, "साहेब, पेन्सिल आहे का?"

मी पेन्सिल दिली. त्यांनी बाबांच्या टेबलावर आडव्यातिडव्या रेघोट्या मारायला सुरुवात केली.

"अहो, अहो!"

"सगळ्या रेघा गेल्या की समजायचं, हा कागद झाला. मग पुढचा नंबर लावायचा, पुन्हा रेघा मारायच्या. मधला नंबर गाळायचा नाही. आता दिसत नाही, पण पॉलिश चढलं की आधीच्या कागदाचे ओरखडे वर येतात." मग यंत्र हाती देऊन म्हणाले, "आधी लाकडावर टेकवा, मग बटण. दाबायचं नाही. त्याचं वजन त्याला पुरेसं आहे, तुमचं देऊ नका. आणि हे फळीला. पायांना हात."

"पायांना का नाही?"

"पाय अडीच इंचाचा, तबकडी पाच इंचाची. कडेवरून कलली की धार गोल करून टाकते. पाय हातानं घासायचा, लाकडाच्या रेषेनं उभा."

मी पेन्सिल घेऊन बसलो. सहा वर्षांचा असताना याच टेबलावर मी खडूने आगगाडी काढली होती आणि बाबांच्या हातचा एकुलता एक फटका खाल्ला होता. आता एकसष्टाव्या वर्षी, तज्ज्ञांच्या परवानगीने, मी अख्ख्या टेबलावर रेघोट्या ओढल्या. आगगाडीही काढली. डबे आठ.

मग बटण दाबले. वाचकहो, तो आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि आला असता तरी त्या आवाजात तुम्हाला ऐकू आला नसता. यंत्र हातात गुरगुरत होते, मुंग्या कोपरापर्यंत चढत होत्या आणि सावकाश सरकवत नेले की मागे स्वच्छ मधाच्या रंगाची वाट तयार होत होती. आगगाडीचा एकेक डबा जात होता. ऐंशी झाला, एकशेवीस झाला, एकशेऐंशी झाला. संध्याकाळी फळीवर तळवा फिरवला तर तो थांबेचना. सौ.ने हात फिरवला. आईने फिरवला आणि "छान झालंय रे" म्हणाली. सौ. म्हणाली, "आता बाबांनी बघायला हवं होतं." मी म्हणालो, "बाबांनी बघितलं असतं तर परत निळं केलं असतं." सगळे हसलो. आईसुद्धा हसली, पण थोडी उशिरा.

दुसऱ्या दिवशी पाय घेतले. टेबल उलटे करून, ऐंशी नंबरचा कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, हाताने, उभा. पहिल्या पायाचा काळपटपणा निघाला, तसा खालून दीड वितीवर एक आडवा पट्टा दिसू लागला. पट्ट्याच्या वरचे लाकूड मधाच्या रंगाचे आणि खालचे मळकट तपकिरी. मधोमध बोटभर काळी रेघ. मला वाटले, पायच डागाळलेला आहे. दुसरा पाय घासला. त्यालाही. त्याच उंचीवर. मग तिसरा आणि चौथा न घासताच मी टेबल सरळ उभे केले आणि जमिनीवर बसून बघत राहिलो. चार पायांना सुतात धरल्यासारखी एकच रेघ होती.

आई काठी टेकत आली आणि स्टुलावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

"गाळाची आहे ती," मग म्हणाली. "पाणी तर पार वरून गेलं होतं. पण ओसरल्यावर एवढा गाळ राहिला खोलीत. आम्ही चौथ्या दिवशी गेलो बघायला. तू कडेवर. सगळं आडवं झालेलं आणि हे एकटं उभं, गाळात पाय रोवून. खणात आमच्या लग्नाचे फोटो होते. त्यांचा लगदा झालेला."

मला आजवर वाटत होते की, आईबाबांनी लग्नात फोटो काढलेच नसावेत. त्या काळी सगळेच काढत नसत.

"मग नवीन बिऱ्हाडात हे आणलं. रोज केर काढायला वाकलं की ही रेघ समोर. मी राखेनं घासली, चिंचेनं घासली, विटेचा तुकडासुद्धा लावून बघितला. जाईना. एकदा ह्यांनी मला घासताना बघितलं. काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तुला घेऊन मी माहेरी गेले होते, संध्याकाळी परत येते तर टेबल निळं."

"बाबांनी सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?"

"अगं, पण इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना हसत होतो. तू तरी सांगायचंस."

"सांगत होते ना ते. मळखाऊ आहे म्हणून."

माझ्या हातात आता एकशेवीसचा कागद होता. चार पाय, पायाला पंधरावीस मिनिटे. जेवायच्या आत काम झाले असते. यंत्र लावले असते तर मिनिटभरात रेघ गेली असती आणि ती होती हे मला कळलेही नसते.

"आई, घालवू का?"

तिने मान वाकडी करून पायांकडे पाहिले. "राहू दे," म्हणाली. "आता केर काढायला मी कुठे वाकतेय?"

पुढचे काम पंधरा दिवस चालले. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवला, कापसाची पोटली मलमलीत बांधली आणि हलक्या हाताने पाच थर दिले. फळी आरशासारखी झाली. पायांवर तेच पॉलिश दिले, पण खालच्या दीड वितीला कागद पुन्हा लावला नाही. पॉलिशखाली रेघ उलट जास्तच ठळक झाली. उजवा खण अजूनही उघडत नाही.

यंत्र आता सोसायटीत फिरते आहे. सध्या ते तिसऱ्या मजल्यावर असते. परवा इंजिनिअरसाहेब जादा कागद मागायला आले होते. टेबलाच्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, मान डोलावली, मग जाता जाता वाकून खाली पाहिले. "वर फर्स्ट क्लास केलंत," ते म्हणाले, "पण पाय का हो अर्धवट सोडलेत? हा डाग दोन मिनिटांत जाईल. यंत्र आणून देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "मळखाऊ आहे."